मुंबईचा इतिहास तिच्या रहिवाशांतून कसा लिहावा

शाळेच्या शताब्दीची स्मरणिका, ग्रंथालयातले व्याख्यान, दिवाळी अंकातला लेख किंवा चार मित्रांसाठी आखलेली पायी फेरी, निमित्त कोणतेही असो, मुंबईच्या इतिहासाला हात घालणारा माणूस बहुधा एकाच ठिकाणी फसतो. तो थोर व्यक्तींची यादी करतो, प्रत्येक नावाला एक परिच्छेद देतो, त्यात जन्म, शिक्षण, कार्य आणि निधन भरतो, आणि शेवटी त्याच्या हाती लहानलहान चरित्रांचे गाठोडे उरते. शहर त्यात कुठेच नसते. माझ्या पहिल्या यादीत एकेचाळीस नावे होती, आणि त्यांतल्या निम्म्या माणसांनी मुंबईऐवजी दुसऱ्या कोणत्याही गावात आयुष्य काढले असते, तरी माझ्या परिच्छेदांतला एक शब्दही बदलावा लागला नसता. पुढील पद्धत त्या फसलेल्या यादीतून शिकलेली आहे. ती मुंबईच्या उदाहरणांनी सांगितली आहे, कारण या शहराची कागदपत्रे मुबलक आहेत आणि त्यांतली बरीच मराठीत आहेत.

नावे कशी निवडावीत

प्रत्येक नावाला आधी एकच प्रश्न विचारावा: या माणसाच्या हातून शहरात असे काय घडले, की ते आज रस्त्यात, इमारतीत, नियमात किंवा लोकांच्या सवयीत दाखवता येईल? उत्तर एका वाक्यात देता आले तर नाव ठेवावे. आले नाही तर माणूस कितीही मोठा असला तरी त्याला वगळावे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्याबाबत हे उत्तर सहज देता येते. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, परळच्या सभेतून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे धाडले, ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रातून ही मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. मुंबईचा रविवार कोठून आला हे सांगायचे असेल, तर लोखंडे टाळता येत नाहीत.

आवाबाईंचे नाव कित्येक याद्यांत नसते, ते या कसोटीवर आत येते. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी होडीने ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात होड्या उलटत. बांध घालण्याचा खर्च सरकारने नाकारला, तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि वाटसरूंकडून कोणताही कर घेऊ नये अशी अट घातली. तो बांध १८४५ मध्ये खुला झाला. दादर–माहीमचा लेडी जमशेटजी मार्ग त्यांच्याच नावाचा आहे, परंतु ‘एल. जे. रोड’ असे म्हणताना त्यातली बाई कोणाच्या लक्षात येत नाही.

यादी पंधरा नावांपुढे जाऊ देऊ नये. त्यांतली निदान पाच माणसे बाहेरून आलेली असावीत, कारण या शहराचे मूळ सामानच बाहेरून आलेले आहे: गोदीच्या कामासाठी १७३६ मध्ये सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया, बगदाद सोडून १८३२ च्या सुमारास इथे स्थिरावलेले डेव्हिड ससून, गोव्याच्या मांजरे गावातून आलेले भाऊ दाजी लाड, वाटेगावहून आलेले अण्णा भाऊ साठे. माणूस कोठून आला आणि कशासाठी आला, एवढी नोंद प्रत्येकापुढे केली, तरी शहर कोणत्या काळात कोणाला ओढून घेत होते याचा अर्धा नकाशा तयार होतो.

गाठीचे वर्ष शोधावे

नावे ठरल्यावर ती जन्मवर्षाच्या क्रमाने लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्याऐवजी आपल्या यादीतली जास्तीत जास्त माणसे एकाच संकटात किंवा एकाच भरभराटीत सापडलेली आहेत असे वर्ष शोधावे. मी त्याला गाठीचे वर्ष म्हणतो. मुंबईच्या एकोणिसाव्या शतकात असे सर्वांत घट्ट वर्ष १८६५ हे आहे, आणि नवख्या लेखकाने तेथूनच सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे.

त्या वर्षाची पार्श्वभूमी अशी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. आलेला पैसा मुरवायला जागा नव्हती, म्हणून समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, आणि त्यांच्या शेअरांचे भाव कंपनीने एक टोपली माती टाकण्याआधीच कित्येक पट चढले. या खेळाचा सूत्रधार म्हणून प्रेमचंद रायचंद यांचे नाव घेतले जाई. शहर किती फुगले होते हे खानेसुमारीत दिसते: १८६४ च्या मोजणीत मुंबईत ८,१६,५६२ माणसे होती, आणि १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. हे दोन आकडे लेखात शेजारीशेजारी ठेवावेत. ते पाने भरून केलेल्या वर्णनाचे काम करतात.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे हिशेब चुकते करण्याचा दिवस ठरलेला होता, आणि त्या दिवशी देणे फेडायला पैसा कोणापाशीच नव्हता. आता आपल्या यादीतली माणसे या दिवशी कोठे होती ते पाहावे. प्रेमचंदांचे साम्राज्य खचू लागले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक, नामांकित वैद्य आणि प्राचीन शिलालेखांचे अभ्यासक डॉ. भाऊ दाजी सट्ट्यात सापडून आयुष्याची कमाई गमावून बसले. ज्या वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी वर्गणी जमवली होती, त्याचे भायखळ्याचे बांधकाम पैशाअभावी अडले आणि पुढे सरकारने ते पुरे केले. ते १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले आणि १९७५ पासून त्यांच्याच नावाने ओळखले जाते. महिनाअखेर, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना शंकरशेट वारले. त्याच वर्षी गोविंद नारायण माडगावकर हे शिक्षकही गेले, ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी ‘मुंबईचे वर्णन’ लिहून या शहराची तेजी ऐन भरात असताना टिपून ठेवली होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी कोटाच्या भिंती नुकत्याच पाडायला घेतल्या होत्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर उभ्या राहायच्या इमारतींचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न त्याच महिन्यात उभा राहिला. महापालिकेचे आयुक्त म्हणून आर्थर क्रॉफर्ड याच वर्षी कारभार हाती घेतात.

एवढी माणसे एका वर्षात उभी राहिली, की लेखाचा क्रम आपोआप सुचतो. प्रत्येकाच्या मागे जाता येते, प्रत्येकाच्या पुढे जाता येते. शंकरशेटांच्या मागे गेले, तर १८४९ मध्ये मुलींच्या शाळेला वाड्यात दिलेली जागा सापडते, १८५२ ची बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था सापडते, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी सापडते. प्रेमचंदांच्या पुढे गेले, तर विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतो. त्याच्या बांधकामासाठी त्यांनी तेजीच्या दिवसांत दिलेली देणगी तेजी संपल्यावरही कामी आली, आणि १८६९ ते १८७८ या काळात तो मनोरा उभा राहिला. आज ओव्हल मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला त्या घड्याळात कापसाचा भाव दिसत नाही. तो दाखवणे हे लेखकाचे काम आहे.

पैसा कोठून आला ते लिहावे

दानशूर माणसावर लिहिताना देणगीचा आकडा लिहून कमाईचा स्रोत गाळण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. जमशेटजी जीजीभाई हे त्याचे ठळक उदाहरण. १८४२ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ, जे. जे. रुग्णालय आणि कला विद्यालय त्यांच्या पैशातून उभे राहिले, हे सर्वांना पाठ असते. हा पैसा चीनच्या व्यापारातून आला आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, हे मात्र चरित्रांत एका ओळीत गुंडाळले जाते. ही गोष्ट सांगितल्याने रुग्णालय लहान होत नाही. उलट माळव्यातली अफू, मुंबईचे बंदर आणि कँटनची बाजारपेठ एका रेषेत येतात आणि हे शहर कशावर उभे राहिले ते वाचकाला दिसते. इथे लेखकाने न्यायाधीश होऊ नये. जमाखर्चाच्या दोन्ही बाजू लिहाव्यात आणि पुढे जावे.

दुसऱ्या गाठीकडे जाताना

पहिली गाठ व्यापाऱ्यांची असेल, तर दुसरी वेगळ्या थरातल्या माणसांची असावी. १८९६ चा प्लेग त्यासाठी योग्य आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या एका रुग्णाला तपासताना डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असे निदान केले. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. त्यांचा पुतळा धोबीतलावापाशी मेट्रो चित्रपटगृहासमोर उभा आहे आणि त्याच्याजवळून रोज हजारो माणसे तो कोणाचा हे न विचारता जातात. ऑक्टोबरमध्ये ओडेसात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच महिन्यात, साथीतल्या रुग्णांसाठी राबत असताना, नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने गेले. ज्यांच्यामुळे रविवार मिळाला ते, आणि ज्यांच्यामुळे लस मिळाली ते, काही महिने एकाच शहरात काम करत होते. हे जन्मवर्षांच्या क्रमाने लिहिलेल्या लेखात कधीच दिसत नाही.

या गाठीचा दोरा पुढे ओढावा. प्लेग दाट वस्तीतून पसरला असे ठरल्यावर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्या पाडल्या, नवे रस्ते काढले आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या, ज्यांना आजही बी. आय. टी. चाळी म्हणतात. परळच्या पोयबावडीतल्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर वर्षानुवर्षे राहिले. दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे ट्रस्टनेच आखलेल्या वसाहतीत, त्यांनी ‘राजगृह’ बांधले ते पुढे. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी मार्च १९२४ ची बैठक परळच्या दामोदर हॉलमध्ये भरली, ती जागाही या चाळींपासून फार दूर नाही. मांडवीतल्या त्या रुग्णापासून परळच्या त्या खोलीपर्यंतची साखळी जुळवण्यासाठी कोणतीही कल्पना लढवावी लागत नाही. नगररचनेचे दस्तऐवज आणि पत्ते शेजारी ठेवले की पुरते.

पत्त्यांचे महत्त्व वेगळे सांगायला हवे. प्रत्येक व्यक्तीच्या टिपणात ती कोठे राहत होती, कामाला कोठे जात होती आणि कशाने जात होती, या तीन गोष्टी लिहाव्यात. मिळाल्या नाहीत तर रकाना रिकामा ठेवावा. मलबार हिलवरचा बंगला, गिरगावातला वाडा, परळची चाळ, घाटकोपरची चिरागनगर झोपडपट्टी (अण्णा भाऊंचे बिऱ्हाड तिथे होते) हे नुसते पत्ते ओळीने लावले, तरी शहराचा थरांचा इतिहास वाचता येतो.

ज्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत

अडचण इथे येते. श्रीमंतांची चरित्रे असतात, कामगारांची नसतात, आणि बायकांची तर क्वचितच. अशा वेळी न्यायालयाचे कागद कामी येतात, कारण भांडण झाल्याखेरीज सामान्य घरातले बोलणे लेखी उतरत नाही. रखमाबाईंचा खटला हा त्यातला सर्वांत समृद्ध. १८६४ मध्ये जन्मलेल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले, त्या आईकडेच वाढल्या, आणि नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये त्यांनी नांदायला यावे म्हणून दावा लावला. न्यायमूर्ती पिनी यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जावे किंवा सहा महिने तुरुंगवास पत्करावा असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या.

हा खटला वाचताना नायिकेवरच नजर ठेवू नये. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, म्हणजे सुतार समाजातल्या घरात आधुनिक वैद्यक पोहोचले होते. ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने रखमाबाईंनी इंग्रजी दैनिकात पत्रे लिहिली, म्हणजे गिरगावातल्या माजघरापासून छापखान्यापर्यंत वाट झाली होती. ‘केसरी’ने त्यांच्या विरोधी बाजू घेतली, म्हणजे पुण्याचे मुंबईकडे बारीक लक्ष होते. एका बाईच्या नकारातून घर, दवाखाना, कचेरी आणि वृत्तपत्र ही चारही दालने उघडतात. माझ्या मते पंधरांच्या यादीत एकच स्त्री घ्यायची असेल तर रखमाबाई घ्याव्यात. पण एकच घेऊ नये.

कोठे शोधावे आणि काय तपासावे

टाउन हॉलमधले एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, काळा घोडा येथे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार आणि १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय या तीन ठिकाणी बहुतेक सामग्री मिळते. सुरुवात १९०९ च्या शहर गॅझेटिअरच्या तीन खंडांनी करावी, मात्र ते सरकारच्या नजरेने लिहिलेले आहेत हे विसरू नये. त्याच्या जोडीला माडगावकर वाचावेत. तेच रस्ते चालणाऱ्या माणसाच्या नजरेतून दिसतात. जुन्या वृत्तपत्रांत अग्रलेखांपेक्षा जाहिराती आणि लिलावाच्या सूचना अधिक बोलतात. ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा असल्याने मराठीत तेवढ्या मागे जाता येते.

चरित्रांत परस्परविरोधी तपशील सापडतील. भाऊ दाजींचे जन्मवर्ष कोणी १८२२ देतो, कोणी १८२४. जमशेटजींचे जन्मस्थान कोणी मुंबई म्हणतो, कोणी नवसारी. अशा ठिकाणी दोन्ही द्यावेत, आपल्याला आवडणारे एक निवडू नये. आख्यायिकांबाबत याहून कडक राहावे. प्रेमचंदांच्या अंध मातोश्रींना सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ कळावी म्हणून टॉवरच्या घंटा बसवल्या, किंवा युरोपीय हॉटेलाने प्रवेश नाकारला म्हणून जमशेटजी टाटांनी ताज बांधले, या कथा गोड आहेत आणि फेरीत लोक त्या ऐकायलाच आलेले असतात. त्या ‘असे सांगतात’ या शब्दांनीच सांगाव्यात. ताज १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले, एवढे ठामपणे सांगता येते.

रस्त्यांच्या आणि इमारतींच्या पाट्या हाही पुरावा आहे, फक्त तो दोन काळांचा असतो. क्रॉफर्ड मार्केटचे महात्मा जोतिबा फुले मंडई झाले, एल्फिन्स्टन सर्कलचे हॉर्निमन सर्कल झाले. नव्या नावावरून ती व्यक्ती तिथे राहत होती असे समजू नये; नाव कधी आणि का दिले गेले हा स्वतंत्र तपशील आहे. बेंजामिन हॉर्निमन हे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक, १९१९ मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केले, आणि शेअर दलाल जिथे वडाखाली जमत त्या परिसराला पुढे एका पत्रकाराचे नाव मिळाले. काळ्या घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्ड राजाचा पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला, तो आता भायखळ्याला भाऊ दाजींच्या संग्रहालयाच्या आवारात आहे, आणि चौकात मात्र अजूनही ‘काळा घोडा’ हेच नाव चालते.

लिहायला बसताना

आधी दोन गाठी पूर्ण लिहाव्यात, प्रत्येकी हजारभर शब्द, आणि मग त्यांना जोडणारा मधला काळ थोडक्यात भरावा. १८८८ चा महापालिका कायदा आणि फिरोजशहा मेहता यांसारखे विषय या मधल्या भागात येतात आणि त्यांना तीन वाक्ये पुरतात, कारण कायद्याच्या कलमांनी सामान्य वाचक थकतो. सर्व पंधरा जणांना सारखी जागा देण्याची गरज नाही. भाऊ दाजींना दोन पाने आणि ससूनांना चार ओळी, असे झाले तरी चालेल. ससूनांची गोदी, ग्रंथालय आणि फोर्टमधले उपासनागृह फेरीत डोळ्यांनी दिसतेच.

प्रत्येक परिच्छेदाचा पहिला शब्द व्यक्तीचे नाव असेल तर तो परिच्छेद पुन्हा लिहावा. सुरुवात खाडीने, भावाने, रोगाने किंवा चाळीने करावी आणि माणूस त्यात चालत यावा. ‘युगपुरुष’, ‘शिल्पकार’, ‘अजरामर’ ही विशेषणे शोधून काढून टाकावीत. मसुद्यात ती जितकी अधिक, तितकी तिथे माहिती कमी असते असा माझा अनुभव आहे.

थांबायचे कोठे, हे आधीच ठरवावे. हयात व्यक्तींवर लिहू नये, कारण त्यांच्या हातून काय उरणार हे अजून ठरलेले नसते. मी गिरणगावाशी थांबतो. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, आणि जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर एकेक भोंगा वाजायचा बंद झाला. दावरांची गिरणी जिथे होती तिथे उभे राहून लेखाचा हा शेवटचा भाग मोठ्याने वाचावा, जमल्यास गिरणीत नोकरी केलेल्या एखाद्या आजोबांना सोबत नेऊन. ते जिथे थांबवून दुरुस्ती सांगतील ती ओळ घरी येऊन बदलावी.